तिचं कार्ड मी केलं नाही

पौष निम्मा सरला की नंदुरबारात नाकाला कळतं. गावाबाहेरच्या पथाऱ्यांवर लाल मिरची वाळत पडलेली असते आणि वारा फिरला की अख्खं गाव शिंकतं. बदलीवर आलेले साहेबलोक पहिल्या वर्षी रुमाल नाकाला लावून फिरतात आणि गावाला नावं ठेवतात. हेच लोक पुढची बदली झाली की माझ्या दारात उभे राहतात, "वहिनी, वर्षाचं तिखट इथूनच न्यावं म्हणतो." मी त्यांना बसायला सांगते, पाणी देते आणि मनातल्या मनात हसते.

आमचा धंदा तिखटाचा. मिरची आणायची, देठं खुडायची, गच्चीवर कडक ऊन द्यायचं, कांडपाला न्यायची, आणि जे इथून बाहेर गेलेत त्यांना घरपोच पाठवायची. पुणे, सुरत, नाशिक, कुठंही. "आमचा" असं मी अजून म्हणते. खरं तर आता मी एकटीच करते. पण "माझा" म्हणायला जीभ वळत नाही, आणि या वयात तिला वळण लावायची माझी इच्छाही नाही.

दुसरी जी होती, तिला मी जिजी म्हणते. आमच्याकडे मोठ्या बहिणीला जिजी म्हणतात. ही काही माझ्या रक्ताची नव्हे. समोरच्या घरात राहायची, माझ्याहून मोठी, एवढंच नातं. तिचे यजमान सरकारी नोकरीत, आमचे हे शाळेत कारकून. दोघी दुपारी रिकाम्या, आणि रिकाम्या बायकांना लोक नावं ठेवायच्या आत आपणच काहीतरी काढावं, हा तिचा विचार. तिचा मुलगा पुण्याला नोकरीला लागला तेव्हा तिनं त्याच्याबरोबर तिखटाची बरणी दिली. ती खोलीतल्या इतर पोरांनीच संपवली. ती पोरंही आपल्याच जिल्ह्यातली. जिजीनं त्यांच्या आयांची नावं विचारून घेतली आणि तिथून आमचं सुरू झालं.

गिऱ्हाइकांचे फोन नंबर आम्ही माझ्या ओट्याजवळच्या भिंतीवर पेन्सिलीनं लिहायचो. लाइटच्या बटणांशेजारी, हाताशी, बरं पडायचं. एकदा दिवाळीच्या आधी रंगारी बोलावला, आम्ही दोघी बाजारात गेलो, आणि परत येऊन बघतो तर भिंत पांढरीशुभ्र. सगळी गिऱ्हाइकं चुन्याखाली. रंगारी बिचारा कौतुकाच्या आशेनं उभा. मी त्याच्यावर ओरडणार होते, पण जिजी खाली बसून पोट धरून हसायला लागली. "स्वतःना हातेच चुना लाई लिधा वं आपन," म्हणाली.

मग कार्डं आली. आमच्याकडे वैशाखात लग्नपत्रिकांचा नुसता पाऊस. जाड कागद, मागची बाजू कोरी, आणि वर गणपती म्हणून कोणी टाकूनही देत नाही. घरोघरी गठ्ठे पडलेले. जिजीनं ते गठ्ठे मागून आणले. गणपतीला मात्र ती कात्री लावायची नाही. त्याच्या कडेकडेनं कापून तो वेगळा काढायची, एका पिशवीत साठवायची, आणि तापीकाठच्या प्रकाशा क्षेत्राला कोणी निघालं की नदीत सोडायला द्यायची. उरलेल्या कागदाची एकसारखी कार्डं कापून आम्ही ती बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात उभी लावली. आमचे हे म्हणायचे, "दोघी मिळून किती लग्नं जमवताय?"

कार्डावर लिहायचं ते ठरलेलं. नाव, मूळ गाव, सध्या कुठे, फोन, तिखट किती जहाल लागतं, आणि कोणाच्या ओळखीनं आली. यंदा माल गेला की वरचा कोपरा कातरायचा. "नंतर सांगते" म्हणाली असेल तर कोपरा नुसता दुमडायचा. बस, एवढंच. यापलीकडे आम्हाला काही लागलं नाही.

भांडण झालं ते कार्डं लावायची कशी यावरून. माझं म्हणणं, पुण्याची एकत्र, सुरतेची एकत्र. पार्सल तिकडेच जाणार ना! जिजी म्हणाली, गावाप्रमाणे लावायची. मूळ गावाप्रमाणे.

"पुनाले त्या भाडानी खोलीमा ऱ्हातस. खोली बदलस. गाव बदलस का?"

मी दोन दिवस तोंड फुगवून बसले. मला पटलं होतं, पण पटल्याचं लगेच दाखवणं माझ्या स्वभावात नाही. गावाप्रमाणे लावल्याचा फायदा असा की शहाद्याकडचं कोणी गाडी घेऊन पुण्याला निघालं, की त्या बाजूच्या सगळ्यांचे पुडे एकाच गाडीत जायचे. शेजारच्या गावचा माणूस आपल्या गावच्या माणसाचा पुडा कधी हरवत नाही. शिवाय गाव कळलं की तिखटही कळायचं. तापीकाठच्या घरांना लालभडक हवं, विसरवाडीकडच्यांना जरा भरड चालतं. सातपुड्यातल्या काठी गावाकडची एक नर्स सुरतेला असते, तिला दळलेलं नकोच. तिच्या घरी पाट्यावर वाटतात, म्हणून तिच्या कार्डावर "अख्खी मिरची, देठासकट" असं लिहिलंय. होळीला ती गावी येते, जाताना आमच्याकडे डोकावते. तिचं मराठी शाळेतलं, माझं भिलीचं ज्ञान शून्य, तरी मिरची हुंगून दोघी एकदमच मान हलवतो.

कार्डं मी लिहायचे, माणसं जिजी आणायची. तिच्याइतकी गप्पिष्ट बाई मी पाहिली नाही. विसरवाडीला तिचं माहेर. तिथल्या स्टँडवर बस लागायची वाट बघताना शेजारी चहा पिणाऱ्या बाईची मुलं कुठं कामाला आहेत, सून काय खाते, जावयाला तिखट सोसतं का, एवढं सगळं बस येईपर्यंत तिनं काढलेलं असायचं. लग्नात, हळदीकुंकवात तर चालायचंच. पण एकदा कोणी वारलं म्हणून दारावर बसायला गेली आणि तिथूनही दोन पत्ते घेऊन आली. मी म्हटलं, "जिजी, लाज शे का?" तर म्हणाली, "त्यासना पोऱ्या दूर शेतस म्हनीसन रडी ऱ्हायन्यात त्या. मी इचारं, खातस काय? तेवढंच त्यासले बरं वाटनं." तिचं हे खरंच होतं. बायकांना मुलगा काय करतो यापेक्षा मुलगा काय खातो हे सांगायला जास्त आवडतं, पण विचारणारं कोणी भेटत नाही.

आणखी एक नियम होता, तोही तिचाच. पौषात नवी मिरची आली की डबा पुढ्यात घेऊन एकेक कार्ड उचलायचं आणि फोन करायचा. आठवणीनं कोणालाही करायचा नाही. सुरुवातीला आम्ही आठवणीनं करत होतो तर गोड बोलणाऱ्यांना दोनदा फोन गेले आणि एका कुरकुऱ्या मावशींना गेलाच नाही. त्या वर्षभर रुसल्या. तेव्हापासून जिजीनं ठरवून टाकलं: कार्ड शे, त्याले फोन. मला हे फार आवडलं, कारण मग कोण आवडतं न आवडतं याचा प्रश्नच उरला नाही.

तिचे यजमान निवृत्त झाले, मुलानं पुण्यात फ्लॅट घेतला, नात झाली. गुडघे तर केव्हापासून कुरकुरत होते. जाणार जाणार म्हणता म्हणता ट्रक येऊन दारात लागला. निघायच्या आदल्या दुपारी ती माझ्याकडे आली आणि डबा घेऊन बसली. सगळी कार्डं काढली, पुसली, गावाप्रमाणे परत लावली. ती लावलेलीच होती; तिला नुसती हाताळायची होती. मग हसत म्हणाली, "मन्हं बी एक कार्ड कर वं. पुनाले तिखट लागीच."

मी कात्री उचलून फळीवर ठेवली. "तू काय गिऱ्हाईक शे?" माझा आवाज चढला होता. ती हसली आणि विषय बदलला. मला मात्र तो विनोद सोसला नाही. त्या डब्यात कोण होतं? जे गेले ते. जे गेले आणि वर्षातून एकदा पुडा घेतात ते. त्यात तिचं नाव मी माझ्या हातानं घालायचं? मी घालणार नव्हते. तिचं कार्ड नाही म्हणजे ती गेलेली नाही, असं मी धरून चालले होते. शहाणपणाचं नव्हतं, पण मला त्याचा आधार होता.

पहिल्या हंगामात ती आली. न बोलावता आली, पिशवी दारात टाकली आणि सरळ गच्चीवर. गुडघ्यांमुळे खाली बसता येईना, म्हणून मी तिला खुर्ची दिली आणि मी खाली. खुर्चीवरून ती मला हुकूम सोडायची. दोघी शिंकत होतो, डोळे पुसत होतो, आणि मला इतकं सुख झालं होतं की मी मुद्दामच देठं हळूहळू खुडत होते. दुसऱ्या हंगामात नातीला ताप येत होता. शेवटी शेवटी आली, चार दिवस राहिली. समोरच्या घरात तोवर बँकेतले भाडेकरू आले होते, त्यामुळे ती माझ्याकडेच उतरली. जाताना गच्चीच्या जिन्यात थांबून मागं बघत होती. मी म्हटलं, "काय राहिलं?" ती म्हणाली, "काही नही."

तिसऱ्या हंगामात, म्हणजे गेल्या वर्षी, ती आली नाही.

मी डबा घेऊन बसले. एकेक कार्ड उचललं, सगळ्यांना फोन केले. "यंदाची मिरची चांगली आहे, किती ठेवू?" बायका विचारायच्या, "जिजी कशा आहेत?" मी सांगायचे, "येईल आता चार दिवसांत." गच्चीवर खुर्ची नेऊन ठेवली होती. पौष संपला, माघ लागला. आधी आठवड्याला एकदा आमचं बोलणं व्हायचं, ते या दिवसांत नेमकं थांबलं. तिचा फोन नाही, माझाही नाही. आमचे हे म्हणाले, "लाव ना एक फोन." मी फटकन म्हणाले, "घरना माणूसले आवतन नही ऱ्हास." आमच्यात तसंच आहे. पाहुण्याला बोलावतात, घरच्याला कोणी "ये" म्हणत नाही, म्हटलं तर त्याला लागतं. ती घरची होती, तिनं यायचं होतं.

मिरची वाळत होती आणि मी रोज जिन्यातली पावलं ऐकत होते. दूधवाला, शेजारीण, आमचे हे. राग यायचा. वाटायचं, लिफ्टच्या घरात राहायला गेली, आता आपला जिना कशाला चढेल. आणि राग ओसरला की मग नुसती आठवण. तिचं ते मोठ्यानं हसणं, मिरची दोन बोटांत मोडून कानाजवळ नेऊन आवाज ऐकणं, माझं अक्षर किती वळणदार आहे हे येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवणं. माझ्या अक्षराचं कौतुक जन्मात दुसऱ्या कोणी केलं नाही. मला ती हवी होती. कामाला नव्हे, नुसती समोर हवी होती. काम काय, ते मी एकटीनंही उरकलं.

फाल्गुनात पुण्याहून एका गिऱ्हाइकाचा फोन आला. शहाद्याकडची बाई, जिजीनंच जोडलेली. पुडा पोचल्याचं सांगितलं, तिखटाची तारीफ केली आणि मग सहज म्हणाली, "जिजींना या वर्षी पाठवलं नाही का हो? परवा माझ्याकडे आल्या होत्या. वाटीभर मागून नेलं."

मी फोन ठेवला. आमचं तिखट. तिनं निवडायला शिकवलेलं, तिनं जोडलेल्या बाईच्या घरातलं, आणि तिनं ते वाटीत मागून नेलं. माझ्या डोळ्यांपुढून ती वाटी हलेना. लगेच मी तिला फोन लावला.

"काय वं, तिखट मांगी लई गई तू?"

"मंग काय करू?" तिचा आवाज शांत होता, आणि तेच मला जास्त लागलं. "बठ्ठासले फोन गया. माले नही वना."

"तुले कसाले फोन? तुन्हं कार्डच नही!"

"तेच सांगी ऱ्हायनी मी. कार्ड नही, मंग फोन नही."

मला हसू का रडू कळेना. तिचाच नियम. मी तो अक्षरशः पाळला होता. बठ्ठासले म्हणजे सगळ्यांना, डब्यातल्या एकूण एक बाईला फोन केला, ज्यांचे चेहरेही पाहिले नाहीत त्यांना केला, आणि जिच्यासाठी कान जिन्याकडे लावून बसले होते तिलाच नाही केला.

"मी वाट देखी ऱ्हायनी व्हती," मी म्हणाले.

"मी बी."

"मंग वनी का नही?"

"कोनी ये म्हनं का?"

मला वाटलं, ही रुसली आहे. एवढ्या वर्षांची जिजी आणि तिला माझ्याकडून आमंत्रण हवंय, याचं मला थोडं वाईटच वाटलं. पण वाटीपुढे माझा मान काय टिकणार? मी म्हटलं, "मिरची सरी गई आते." तर म्हणाली, "मिरचीसाठे येत व्हती का मी?" आणि तिनंच फोन ठेवला.

दुसऱ्या दिवशी मी तिचा पुडा धाडला आणि तिचं कार्ड केलं. कोणाच्या तरी लग्नाची गुलाबी पत्रिका होती. नाव घातलं. मूळ गाव, विसरवाडी. सध्या, पुणे. अक्षर नेहमीसारखं आलं नाही. ते कार्ड डब्यात सगळ्यांत पुढं ठेवावंसं वाटत होतं, पण तिनं मला झापलं असतं. म्हणून मुकाट्यानं विसरवाडीच्या बायकांमध्ये, तिच्या जागी ठेवलं. झाकण लावताना मला वाटलं, आता खरी गेली.

यंदा पौषात नवी मिरची आली. डबा काढला, आणि पहिला फोन तिला लावला. पहिल्याच रिंगला तिनं उचलला. काय बोलायचं ते मी मनात घोळवून ठेवलं होतं, गुडघ्यांचं विचारायचं, नातीचं विचारायचं. त्यातलं काही आलं नाही.

"जिजी, ये," मी म्हणाले.

पलीकडून तिचा आवाज आला, पण माझ्याशी नव्हे. फोन तोंडापासून लांब धरून ती घरात मुलाला हाक मारत होती. सून काही बोलली असावी, तिलाही तीच सांगत होती. आवाजात असा तोरा, की विसरवाडीच्या स्टँडवरची जिजीच उभी राहिली.

"नंदुरबारथून बोलावनं वनं! माले जानं पडी. तठे मन्हाबिगर काम अडेल शे!"

तेव्हा माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. रुसवा कसला! मुलगा चांगला, सून चांगली, पण त्या घरातून "मला जायचंय" असं म्हणून तिला निघता येत नव्हतं. नात सोडून, गुडघे घेऊन, कशासाठी? ती काय सांगणार होती? कोणीतरी बोलावलंय, कोणाचं तरी अडलंय, एवढं तिच्या हातात असायला हवं होतं. आणि ती घरची म्हणून मी तिला तेवढंच दिलं नव्हतं.

काम काही अडलेलं नव्हतं. गेला हंगाम मी एकटीनं काढला होता, हाही काढला असता. मी फोन घट्ट धरला आणि तिच्या मुलाला पुण्यात ऐकू जावं इतक्या मोठ्यानं ओरडले,

"अडेल शे, जिजी! बठ्ठं अडेल शे!"